फोल्केची चकती आणि माझी चिठ्ठी

त्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी वार्षिक सभेला चार टाळकी जमवताना आमच्या अध्यक्षांच्या, योरानच्या, नाकी नऊ येतात. त्या दिवशी मात्र दाराबाहेर बुटांचे चाळीस जोड, आत मोज्यांवर बसलेली चाळीस माणसं, कॉफीच्या दोन मोठ्या किटल्या, दालचिनीच्या गोड पावांचं ताट आणि मधोमध फोल्के, घराघरातल्या 'लहरी' मोकळ्या करून देतो म्हणणारा. करडे केस मागे बांधलेले, अंगात जाडाभरडा सदरा, आणि आवाज असा मऊ की पुढच्या रांगेनेसुद्धा कान टवकारावेत.

"तुमच्या घराचा श्वास कोंडलाय," फोल्के म्हणाला. "भिंतींत लहरी तुंबून राहिल्यात. स्पष्टच सांगतो, या इमारतीला बद्धकोष्ठ झालंय."

कुणी हसलं नाही. योरानने तर काळजीने भिंतीकडे बघितलं.

"कुणाचा फोन रखडतो?" फोल्केने विचारलं.

"माझा!" माझी शेजारीण मार्ता हात वर करून उभीच राहिली. "लेक पार उत्तर टोकाला, किरुनाला असते. व्हिडिओ लावला की तिच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसतात. नातू आज हसला तर मला मंगळवारी दिसतं!"

"दे इकडे. तुझा कुलपाचा आकडा टाकून, उघडा करून दे."

फोल्केने फोन मांडीवर ठेवला, त्यावर निळं मखमली कापड पसरलं आणि जुन्या फोटोग्राफरसारखं स्वतःचं डोकंही त्याच कापडाखाली घातलं. आतून गुणगुण ऐकू येत होती. दोनेक मिनिटांनी डोकं बाहेर आलं. फोनच्या पाठीवर रुपयाएवढी तांब्याची चकती चिकटली होती.

"आता लाव लेकीला."

मार्ताने लावला. आणि काय सांगू, तिच्या लेकीचा, इल्वाचा, चेहरा असा लख्ख आला, जणू ती पुढच्याच खुर्चीत बसली होती. मांडीवरच्या पोराचा पडलेला दातसुद्धा दिसला. मार्ता ढसाढसा रडायला लागली. हॉलभर टाळ्या पडल्या.

आमच्या स्वीडनमधल्या या बोरोस गावात देवाधर्माचं फारसं कुणाला काही नसतं. चर्चमध्ये जायचं ते लग्नाला नाहीतर मयताला. त्यामुळे आम्हाला वाटतं, आपल्याला कोण बुवा फसवणार? कुणी मंत्र म्हटला तर आम्ही पोट धरून हसू. पण लहरी म्हणा, ऊर्जा म्हणा, की आम्ही त्याला कॉफी ओततो.

मी तिथे गेले होते ती त्याला उघडा पाडायला. मी डाग्नी. पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आणि भल्याभल्यांची कानउघाडणी करण्यात हयात गेली. सोबत वही आणली होती, फोनमध्ये वेग मोजायचं ॲप घेतलं होतं. मी सगळ्यांदेखत उभी राहिले.

"मी मोजणार आहे," मी म्हणाले. "चकतीच्या आधी आणि चकतीच्या नंतर."

"अवश्य, बाईंनी मोजलंच पाहिजे," फोल्के हात जोडल्यासारखं करून म्हणाला. "मला शंकेखोर माणसं फार आवडतात."

आधी तीनदा मोजलं. चौदा, पंधरा, चौदा मेगाबिट. मग त्याने माझाही फोन कापडाखाली नेला. नंतर तीनदा मोजलं. दोनशे पाच, दोनशे अकरा, दोनशे आठ. वहीतले आकडे मी दोनदा वाचले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणतेस, डाग्नी?" योरानने विचारलं.

"आकडे खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले.

या चार शब्दांची आज मला इतकी लाज वाटते की काय सांगू. पण तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मला त्या आवडल्या हेही खरं. त्या दुपारी फोल्केच्या चकत्या गरम पावांसारख्या खपल्या. एक चकती नऊशे क्रोनर. अंगावर घालायची मोठी चकती त्याहून महाग.

दुसऱ्या आठवड्यात मार्ता मला कपडे धुण्याच्या खोलीत भेटली. तिच्या गळ्यात मोठी चकती होती. मार्ताच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायचे, म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या. जरा कुठे आपटलं की अंगावर निळे डाग उठायचे, त्यामुळे त्या गोळ्यांवर तिचा भारी राग.

"फोल्के म्हणतो, चकती घातली की गोळ्यांची गरज नाही," ती मशीनमध्ये चादरी कोंबत म्हणाली. "ज्या लहरी हवेत तुंबतात, त्याच म्हणे रक्तात तुंबतात. तुला काय वाटतं? तू शिकलेली आहेस."

मला काय वाटत होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. तांब्याच्या तुकड्याने रक्त पातळ होत नाही, हे माझ्या सातवीतल्या पोरांनीही सांगितलं असतं. पण मग तिने विचारलं असतं, फोनवर कशी चालते? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि नाही हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

"मी काही डॉक्टर नाही, मार्ता," मी म्हणाले. "पण फोनवर चालते, हे मी स्वतः मोजलंय."

"मग झालं तर! तू मोजलंस म्हणजे प्रश्नच मिटला," ती म्हणाली.

तिने गोळ्या सोडल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, मार्ता जिन्यात पडलेली सापडली. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात हलत नव्हता. समोरच्या फ्लॅटमधल्या तेस्फाईने तिला पाहिलं आणि अँब्युलन्स बोलावली. तेस्फाई एरिट्रियाचा, दोन वर्षांपूर्वी इथे आला, आता शहराची बस चालवतो. अँब्युलन्स गेल्यावर मी इल्वाचा नंबर लावायला गेले, तर बोटं भलत्याच आकड्यांवर पडत होती.

"इकडे या, बसा," तेस्फाई म्हणाला. "माझ्या फोनवरून लावू."

त्याने व्हिडिओ लावला. इल्वा समोर आली. तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा स्वच्छ दिसत होतं. आमचं दोघींचं बोलणं झालं, ती निघते म्हणाली. फोन परत देताना मी सहज उलटा करून पाहिला.

"तेस्फाई, तुझी चकती कुठंय?"

"कसली चकती? माझी तर शनिवारची ड्युटी असते. मी आलोच नव्हतो."

"मग एवढा वेगात कसा चालतो तुझा?"

"पहिल्यापासून असाच आहे. सोसायटीचं वाय-फाय उघडलं की यादीत दोन नावं येतात ना? एक साधं आणि एक पुढे पाच लिहिलेलं. मी त्या पाचवाल्यावर आहे. पासवर्ड एकच आहे."

"पण... दुसऱ्या नावाला जोडू नये, अशी खाली चिठ्ठी आहे!"

तेस्फाई ओशाळून हसला. "बाई, मी आलो तेव्हा मला स्वीडिश वाचता कुठे येत होतं? भिंतीवर पासवर्ड दिसला, तेवढा घेतला."

मी तशीच उठले आणि खाली कपडे धुण्याच्या खोलीत गेले. तिथल्या भिंतीवर आमच्या सोसायटीचं सगळं संविधान चिकटवलेलं असतं. गाळणीतला कचरा काढा, रविवारी मशीन लावू नका, दुसऱ्याची वेळ बळकावू नका. त्यात पासवर्डाखाली ती चिठ्ठी होती: 'कृपया दुसऱ्या नावाला कोणीही जोडू नये! चाचणी चालू आहे! – समिती.' अक्षर माझं. सहा वर्षांपूर्वी वाय-फायचं नवीन यंत्र बसवलं तेव्हा मीच सोसायटीची सेक्रेटरी होते. चाचणी आठ दिवसांची होती. चिठ्ठी काढायची राहून गेली. आणि आमची माणसं अशी सरळमार्गी, की तेस्फाई सोडला तर सहा वर्षांत एकानेही दुसऱ्या नावाला बोट लावलं नव्हतं. मीसुद्धा नाही! स्वतःचीच चिठ्ठी मी इमानेइतबारे पाळत होते. फोल्केच्या बापाने कधी आमची चिठ्ठी पाळली असती? तो आला, भिंत वाचली, पासवर्ड खिशात घातला आणि कापडाखाली आमचे फोन एका नावावरून उचलून दुसऱ्या नावावर ठेवले.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी फोल्के पुन्हा यायचा होता. मी गेले, आणि तेस्फाईला सुट्टी काढायला लावून बरोबर नेलं. हॉल पुन्हा भरलेला.

"मार्ताचं वाईट झालं," फोल्के डोळे मिटून म्हणाला. "तिने चकती अधूनमधून काढली असणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फोल्के, हा माझा फोन," मी म्हणाले. "चकती काढून टाकलीय, आणि मी तो परत पहिल्या नावावर नेलाय. आता लाव तुझी चकती. पण फोन माझ्याच हातात राहील, कापड नको."

"अविश्वास असला की लहरी आक्रसतात, डाग्नी."

"मागे तर तुला शंकेखोर माणसं फार आवडत होती!"

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. फोल्केने चकती लावली. मोजलं, चौदा. त्याने डोळे मिटून गुणगुण केली. पंधरा. मग मी चकती सोलून योरानच्या कॉफीच्या बशीत टाकली, सगळ्यांना दिसेल असा फोन वर धरला आणि बोटाने दुसरं नाव निवडलं. दोनशे नऊ.

"एकाच यंत्रातून दोन रस्ते निघतात," मी सांगितलं. "पहिला जुना आणि अरुंद. लांबवर जातो, पण त्यावर आपण सगळे, शेजारची इमारत, झालंच तर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, अशी ही गर्दी. दुसरा रुंद आणि मोकळा. त्याला जाड भिंती फारशा जमत नाहीत, म्हणूनच तळघरात गेलात की तुमच्या चकत्यांची शक्ती संपते. या तेस्फाईच्या फोनला कधी चकती लागलीच नाही. दोन वर्षं तो दुसऱ्या रस्त्यावर आहे."

मग योरान उठला. मला वाटलं, आता हा फोल्केला धरतोय.

"म्हणजे," तो तेस्फाईकडे वळून म्हणाला, "दोन वर्षं तू चिठ्ठीचा नियम मोडत होतास?"

"अरे, नियम माझा होता आणि तो आठ दिवसांचा होता!" मी ओरडले. "माझी चूक आहे, योरान. त्याला काय बोलतोस? मी मोजलं, पण कापडाखाली आणखी काय बदललं ते बघितलं नाही. पोरांना पस्तीस वर्षं हेच सांगत आले, की एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि तुमच्यासमोर आकडे वाचून मोकळी झाले."

एव्हाना फोल्के सटकला होता. पण सटकून जाणार कुठे? दाराबाहेर चाळीस जोड बूट, सगळे काळे. तो वाकून आपले बूट हुडकत बसला, आणि आम्ही सगळे उंबऱ्यात उभे राहून बघत होतो. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी मी इस्पितळात गेले. इल्वा दारातच भेटली, डोळे सुजलेले. "आई गोळी तोंडात धरते आणि थुंकते. इंजेक्शन जवळ येऊ देत नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर हाती काही राहणार नाही."

मार्ताने मला पाहून डाव्या हाताने गळ्याकडे बोट दाखवलं. "चकती... काढली... यांनी. म्हणून हात... हलत नाही..."

"नाही गं, मार्ता. चकतीने काही होत नव्हतं." मी तिला दोन नावांचं सगळं सांगितलं.

"तू... मोजलंस."

"चुकीचं मोजलं. आणि त्याहून वाईट केलं." "धुण्याच्या खोलीत तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं, की चकतीने रक्त पातळ होत नाही. ठाऊक होतं, मार्ता. सगळ्यांसमोर शहाणी ठरले होते, मग मागे फिरायची लाज वाटली. म्हणून तुला सांगितलं नाही."

तिने तोंड फिरवलं आणि डावा हात पुढे केला. मी घाईने टेबलावरची गोळी उचलली. तिने हात मागे घेतला. इल्वाने माझ्या हातातली गोळी घेऊन तिला दिली, तेव्हा मार्ताने ती गिळली, आणि वर दोन घोट पाणी प्याली.

मला तिने माफ केलेलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. चिठ्ठी मी काढून टाकली, पण ते काही मोठं काम नव्हतं. तुम्हाला मात्र कळकळीने सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर आकड्यांवर जाऊ नका, कापड बाजूला करायला सांगा. शिकलेलं माणूस छातीठोकपणे सांगतंय म्हणून गोळ्या सोडू नका. त्यालाच उलट विचारा, अगदी माझ्यासारखीला तर दोनदा विचारा. आणि तुम्हीच ते शिकलेलं माणूस असाल, तर 'मला माहीत नाही' एवढं त्याच दिवशी म्हणा. मी तीन आठवडे थांबले. मार्ताला अजून उजव्या हाताने कप धरता येत नाही.