तीन बोटांची फट

"काय ताई, गोड बातमी?" हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! पार्सल कार्यालयातल्या काटाताईंना तो एका सोमवारी हजेरी लावतानाच विचारला गेला आणि पुढचे पाच महिने त्यांच्या घशाखाली धड घास उतरला नाही.

काटाताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. पार्सल नुसतं हातात घेऊन त्या वजन सांगत आणि काट्यावर ते बरोबर निघे, म्हणून सहकाऱ्यांनी कौतुकानं ठेवलेलं नाव. त्या दिवशी मात्र मुकादमानं सगळ्यांदेखत त्यांच्या हातातलं खोकं काढून घेतलं. "अशा दिवसांत जड उचलू नका. नोंदणीच्या टेबलावर बसा."

"कसले दिवस? धाकटी तीन वर्षांची झाली माझी!"

मग शिक्के मारणारा म्हणाला, "मग पोटात पार्सल लपवलंय की काय?" सगळे हसले. काटाताईही हसल्या. नंतर स्वच्छतागृहात जाऊन, नळ मोठा सोडून रडल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. छत्तीस इंच. मोबाइलवर बघून त्यांनी सतरंजीवर सिटअप्स सुरू केले, रोज पन्नास. दोन महिन्यांत टेप चौतीसवर आली. घरात जणू दिवाळी आली! आणि तिथेच गाडी अडली.

पन्नासाचे शंभर झाले, शंभराचे अडीचशे. टेप हलेना. रात्रीचं जेवण सोडलं, तरी हलेना. गालफडं बसली, दंड सुकले, पोट जसंच्या तसं. उलट सिटअप मारताना बेंबीच्या वर मधोमध एक उंचवटा येऊ लागला, उपड्या होडीसारखा.

"अगं, मला तू आहेस तशीच चालतेस," नवरा म्हणाला.

"तुम्हाला चालून काय उपयोग? चारचौघांत मला वावरायचं असतं!"

सासूबाईंनी तर ठरावीक सूर लावला होता. "आमच्या वेळी बाळंतीण पोट आवळून बांधायची. तू ऐकलं नाहीस, आता भोग."

एका सकाळी टेपनं पुन्हा चौतीसच दाखवले, तेव्हा काटाताईंचा तोल सुटला. त्यांनी दोन्ही मुठींनी पोटावर बुक्के मारले. एक, दोन, दहा. मागे वळून पाहिलं तर दारात धाकटी उभी. तिनं फ्रॉक वर केला, स्वतःच्या इवल्याशा पोटावर चापट मारली आणि विचारलं, "आई, माझं पण वाईट आहे?"

काटाताईंनी लेकीला पोटाशी धरलं. त्याच दुपारी खोकं उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली ती अशी, की दोघांनी धरून उभं करावं लागलं.

नवरा कामावर होता, म्हणून सासूबाईच त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. फिजिओथेरपीच्या खोलीत चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी पाठ तपासली, मग म्हणाल्या, "उताण्या झोपा, गुडघे मोडा. आता फक्त डोकं उचला." त्यांनी बेंबीच्या वर बोटं टेकवली. तीन बोटं आडवी आत गेली.

"सिटअप्स करता? किती?"

"अडीचशे."

"आजपासून शून्य!"

"शून्य?" काटाताईंचा आवाज फाटला. "अहो, सगळं सुटेल! जीव काढलाय मी!"

"बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात," बाई शांतपणे म्हणाल्या. "बऱ्याच जणींचे परत जवळ येतात, काहींचे राहून जातात. तुमची ही फट आहे. सिटअप मारताना आतला सगळा दाब तिथूनच बाहेर येतोय. जे सांधायचं, तेच तुम्ही रोज अडीचशे वेळा उसवताय! आणि उपाशी ठेवल्यावर स्नायूंनी बळ आणायचं कुठून?"

"म्हणजे… मी कमी पडले नाही?"

"नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. बाळ झालं की सगळे बाळाचं वजन विचारतात. आईचं पोट आठवतं ते टोमणा मारायला."

काटाताई ओंजळीत तोंड लपवून रडू लागल्या. इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, माझंही बघता का?"

सासूबाईंनी कमरेचा जाड पट्टा सोडला. "बत्तीस वर्षं बांधतेय. सोडला की मधे फुगतं. मला वाटायचं, माझंच पोट मेलं बेढब." सासूबाईंच्या पोटात चार बोटं गेली. त्यांनी सुनेचा हात धरला. "मला जे बोलले, तेच मी तुला बोलत राहिले गं! चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवसापासून दोघी एकाच सतरंजीवर आडव्या होऊ लागल्या. श्वास सोडत पोट आत घ्यायचं, एक टाच सावकाश पुढे सरकवायची, परत आणायची. फक्त दहा वेळा. अडीचशे मारणाऱ्या बाईला हा अपमानच वाटला. पहिल्या महिन्यात काहीच दिसेना, तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी टेपच मागून घेतली. "भात-भाकरी पोटभर खा. मोजायचं काम माझं." हळूहळू त्यांनी व्यायाम बदलले, भार वाढवला. चौथ्या महिन्यात फट एका बोटावर आली. पाठ दुखायची थांबली.

पोट सपाट झालं का? थोडं उतरलं, थोडं आहे तसंच आहे. पण त्या आता ताठ उभ्या राहतात.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत काटाताईंनी सगळ्यांसमोर हे सारं सांगितलं. शिक्के मारणारा कसनुसं हसला. "ताई, गंमत केली होती हो."

"तुमची गंमत दोन मिनिटांची. मी पाच महिने स्वतःचा द्वेष केला. माझी पोर स्वतःच्या पोटावर मारायला शिकली!"

सगळे उठून गेल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "चुकलो, ताई. आमच्या हिचंही बाळ वर्षाचं झालंय. पाठ दुखते म्हणते, आणि मी तिलाही चिडवतो. त्या बाईंचा पत्ता द्याल?"

काटाताईंनी पार्सलच्या पावतीमागे पत्ता लिहून दिला.

वाचकहो, अडलेल्या जागी नुसता जोर वाढवून वाट मिळत नाही. का अडलं, हे जाणत्याला विचारावं लागतं. हे झालं व्यायामाचं. पण ज्या बाईनं आपल्या पोटात एक माणूस वाढवला, तिच्या पोटाकडे बघून हसण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? विचारायचंच असेल, तर एवढंच विचारा: "बाई, तुझी तब्येत कशी आहे?" आणि तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.