फिरवलेला नकाशा

चूक केली अजहरनं आणि पाणी पिणं सोडलं अब्बांनी. याचाच तर मले राग येते!

अजहर माझा नवरा. अकोल्यात आमी नवं घर बांधलं ते माझ्या सासऱ्यांसाठी, अब्दुल गफ्फारांसाठी. अर्धांगवायूनं त्यांचा पाय गेला, अंगणातल्या संडासापर्यंत जाणं होईना. नकाशा घेतला दर्यापूरच्या माझ्या बहिणीच्या घराचा. तिचं दार उत्तरेले, आमचं पूर्वेले. अजहर म्हणे, "आपला प्लॉट चौरस आहे. कागद पाव फिरवला का झालं!"

झालंही. स्वयंपाकघर बसलं, खोल्या बसल्या, क्षेत्रफळ इंचभर घटलं नाही. सगळे टाईल्सचा रंग पाहून राहिले. आमच्या लोकांत संडासाले बसताना तोंड किंवा पाठ पश्चिमेले, किबल्याकडं म्हणजे मक्केच्या दिशेले, करत नाहीत. बहिणीकडं कमोडचं तोंड दक्षिणेले. घर फिरलं तसं तेही फिरलं, पश्चिमेले आलं. पाच वक्त नमाज पढणाऱ्या घरात एकाच्याही डोक्यात हे येऊ नये?

अब्बांनी पहिल्याच दिवशी दारातून पाहिलं आणि काठी टेकत परत आले. इमामसाहेबांनी येऊन समजावलं, आजाऱ्याले माफी आहे. अब्बा म्हणे, "मले माहीत आहे, बापा. पण मन नाही होत."

जुना संडास तर पाडून बसलो होतो. सकाळी अजहर मोटारसायकलवर मस्जिदीतल्या संडासाले नेऊन आणे, तेवढंच. मग अब्बांनी पाणीच कमी केलं. मे महिना, अकोल्याचं ऊन, आणि हा माणूस नुसते ओठ भिजवून ग्लास खाली ठेवे. माझा जीव तुटे.

"कमोड फिरवा न," मी अजहरले म्हणो.

"फिरवला तर गुडघे भिंतीले लागतात. भिंत पाडा लागीन."

"मग पाडा! भिंत मोठी का बाप मोठा?"

मिस्त्री बोलावतो म्हणे. मिस्त्री यायच्या आधी अब्बांले ताप भरला, लघवी बंद झाली. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणे, किडनीवर ताण आला, आता लघवी झालीच पाहिजे. वार्डात सगळ्यांसमोर भांडं घ्यायले अब्बा तयार नाहीत. अजहर औषध आणायले गेलता. शेवटी मीच त्यांले धरून संडासाकडं नेलं. सुनेच्या खांद्यावर हात टाकताना ते लाजेनं अर्धे झाले.

व्हरांड्यातून जाताना मावळतीचं ऊन मी पाहिलं. अब्बांची मान खालीच होती. संडासाले खिडकी नव्हती, कमोडचं तोंड सरळ पश्चिमेले.

त्यांनी चौकट धरली. "शाइस्ता, किबला कोणीकडं आहे?"

त्यांचा चेहरा सुजला होता.

"बसलं का उजव्या हाताले येते, अब्बा."

"तुले विचारलं म्हणून बरं झालं," ते म्हणाले. "अजहरचा मले दिशेच्या बाबतीत भरोसा नाही राहिला."

मी त्यांले बसवलं, दार लोटलं आणि बाहेर भिंतीले टेकून तोंडात पदर कोंबून रडली.