मोज्यातला बल्ब

मी साठ वॅटचा पिवळा बल्ब बोलतोय. बोलतोय कसला, पुटपुटतोय. सध्या माझा मुक्काम एका तपकिरी मोज्याच्या टाचेत आहे. हसू नका. इथवर कसा आलो ते सांगतो, पण जरा दमाने. थकलोय मी.

कारखान्यात माझं काचेचं पोट फुगवलं, आत केसाहून बारीक तार ताणून बसवली आणि म्हणाले, जा, जळ. एवढंच माझं शिक्षण. आमच्या जातीचं एक खरं सांगून टाकतो, कारण आता लपवून काय मिळणार? दहा घास खायचे आणि एका घासापुरता उजेड द्यायचा. बाकीच्या नऊ घासांचा नुसता ताप. माशी बसली तरी चटका, हात लावला तर फोड.

मला आतल्या खोलीत टांगलं. त्या खोलीला खिडकी नाही. खाली एक स्टूल, एक टेबल, दोऱ्याच्या रिळांचा डबा आणि रफू करणारी बाई. दिवसभर घरचं उरकायचं आणि संध्याकाळी सुई हातात घ्यायची, हा तिचा शिरस्ता. लाँड्रीवाला तिच्याकडे कपडे आणून टाकायचा. कुठे कसर लागलेली, कुठे खिळ्याला अडकून फाटलेलं. ती अशी सुई चालवायची की भोक कुठे होतं ते कपड्यालाही आठवू नये. या कामावर तिनं मुलगा वाढवला होता. नवरा गेल्यावर ती रडली ती याच टेबलाशी, आणि डोळे पुसून कामाला लागली तीही इथेच. मी वरून सगळं बघत होतो. बघण्यापलीकडे मला येतं काय?

माझं वय झालं होतं. पोटात काळपट डाग धरला होता. कुणीतरी सुट्टी द्यावी असं फार वाटायचं.

तो योग आणला तिच्या मुलानं. वीजबिल बघून त्याचं डोकं फिरलं. "हे बल्ब आहेत की भट्ट्या? सगळे काढतो!" म्हणाला आणि नवे एलईडी घेऊन आला. मला आनंदच झाला, देवाशपथ. होल्डरमधून मला काढताना तो बढाई मारत होता, "दुकानदार म्हणत होता साठच्या जागी नऊ वॅटचा लावा. म्हटलं, मला काय येडा समजला? तीनचे द्या. जेवढे वॅट कमी, तेवढी बचत जास्त!"

त्याची बायको म्हणाली, "अहो, पण उजेड पुरेल का?"

"पुरेल गं. दिवा तो दिवा."

माझे भाऊबंद गेले कचऱ्यात. मला मात्र बाईनं उचललं. "असू दे, चालू आहे अजून," म्हणत टेबलाच्या खणात ठेवलं. खणाला फट होती, तिच्यातून मला दिसायचं.

काय दिसायचं? ती रोज थोडी जास्त वाकायची. सुईत दोरा ओवायला तीन-तीनदा चुकायची. मग चष्मा पुसायची. मग उगाच डोळे पुसायची. एकदा सून दारात येऊन म्हणाली, "आई, डोळे दुखतात का?" तर ही म्हणे, "छे, झोप झाली नाही." खोटं! मला माहीत होतं तिला कशाची धास्ती आहे. तिच्या आईचे डोळे गेले होते, आणि तेही असेच, आधी संध्याकाळचं दिसेना, मग कधीच दिसेना. हे तिनं मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. एकटीच असताना मात्र बोलायची, सुईशी.

अगं, तुझे डोळे नाहीत गेले, तो वरचा दिवा मिणमिणता आहे! खणात मी कितीदा तरी हे ओरडलो. पण काचेच्या तोंडाचं कोण ऐकतं?

शेवटी व्हायचं तेच झालं. लाँड्रीवाला एक कोट परत घेऊन आला. चांगला माणूस, आवाज खाली ठेवून बोलला. "ताई, कोट निळा आहे. रफू काळ्या दोऱ्यानं झालंय. गिऱ्हाईक फार बोललं मला."

तिनं कोट दिव्याखाली धरला, मग डोळ्यांजवळ नेला.

"राग मानू नका, पण डोळे दाखवून घ्या एकदा."

तो गेल्यावर ती बराच वेळ कोटावरून हात फिरवत बसली. मग तिनं सुया गोळा केल्या, कापडात गुंडाळल्या आणि कायमच्या ठेवून द्यायला खण उघडला. तिथे मी.

"काय रे," ती म्हणाली, "तुलाही काढलं, मलाही काढलं. चल, हा एवढा कोट तुझ्याच उजेडात नीट करून देऊ, आणि मग दोघंही सुटू."

स्टुलावर चढली, होल्डर चाचपडला, तो तीन वॅटचा काढला, मला बसवलं. बटण दाबलं. माझी तार थरथरली. जिवाच्या आकांतानं पेटलो हो मी!

तिनं कोट उचलला आणि माझ्याखाली धरला. मग डब्यातून एक रीळ काढलं, दुसरं काढलं. "अगं बाई! हा काळा... आणि हा निळा! दिसतंय! अगं ए, इकडे ये, मला दिसतंय!"

सून धावत आली, पाठोपाठ मुलगा. "आई, ती भट्टी परत कशाला लावलीस?"

त्याला उत्तर मिळायच्या आत माझी तार तुटली. टक्. एवढाच आवाज. खोलीत अंधार, आणि अंधारात बाई हसतेय. हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. आईच्या डोळ्यांचं, इतक्या दिवसांच्या भीतीचं, सगळं त्या अंधारात बोलून गेली.

मुलाचा आवाज एवढासा झाला. "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझे डोळे धड आहेत रे. तुझा दिवा आंधळा आहे."

दुसऱ्या दिवशी सून स्वतः दुकानात गेली. खोकं टेबलावर ठेवून नवऱ्याला म्हणाली, "वॅट म्हणजे तो खातो किती. उजेड किती देतो ते इथे लिहिलंय, ल्युमेन. साठच्या पिवळ्याएवढा उजेड हा नऊ वॅटमध्ये देतो. दोन्ही वाचायचं असतं."

बाई लगेच म्हणाली, "बरोबर आहे. सून आणताना मी काय, ती किती कमी जेवते एवढंच बघितलं होतं का?" त्यावर मुलगाही हसला, पण कान लाल झाले होते.

आता वर तो नवा आहे. थोडंसं खातो, भरपूर देतो, तापत नाही. मला त्याचा हेवा वाटत नाही, सुटल्यासारखं वाटतं. एवढंच सांगणं आहे. तुम्ही दिवा घ्यायला जाल तेव्हा आमच्यासारखे खादाड घेऊ नका, पण त्याच्याखाली कोण बसणार आहे तेही दुकानाची पायरी चढताना आठवा.

मला तिनं टाकलं नाही. मोज्याची टाच ताणून धरायला गोल काहीतरी हवं असतं, तिथे मी बसलो. जन्मभर लोकांनी मला हात लावला तो फडक्यानं, आणि तोही काढतानाच. आता मी गार आहे. संध्याकाळ झाली की ती मोजा उचलते, आणि मला डाव्या मुठीत धरून बसते.