तुबाची अडीचकी

हे सगळं घडलं २००६ साली. साल पक्कं आठवायचं कारण असं, की त्याच पावसाळ्यात अकोटात घरोघरी सांधे धरणारा ताप आला होता, आणि अडतीस वर्षं खडू धरलेला माझा हात साधा पेला उचलेनासा झाला होता. पण तो ताप जुलैमधला. गोष्ट त्याच्या आधीच्या दिवाळीपासून सुरू होते.

आमच्या भिंतीला भिंत लागून वलीभाईंचं दुकान होतं. पुढे कापूस पिंजायचं यंत्र, मागे घर. मुलीला लग्नात गादी-रजई द्यायची आमच्याकडची रीत, त्यामुळे पूर्वी लग्नसराईत त्यांना जेवायला फुरसत नसे. दोन हंगाम कापसाचे वाईट गेले, तशा लोकांनी नव्या गाद्या भरायच्या सोडल्या. आईची गादी पिंजून मुलीला द्यायची, असं सुरू झालं. त्याच ओढगस्तीत आमच्या गल्लीतली लहानशी खाजगी शाळा दिवाळीच्या सुट्टीला म्हणून बंद झाली ती उघडलीच नाही.

वलीभाईंची धाकटी मुलगी तुबा त्या शाळेत सहावीला होती. वय अकरा. अर्ध्या वर्षात दुसरी शाळा घेईना, आणि बसस्टँडच्या पलीकडे तिला एकटीला पाठवायला वलीभाई तयार नव्हते. मी गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले होते, मूलबाळ नव्हतं, सकाळ मोकळी होती. अकोल्याची एक मुलींची शाळा जूनमध्ये परीक्षा घेऊन थेट सातवीत प्रवेश देत असे, आणि तुबाची मावशी त्या शाळेच्या मागेच राहायची. मी वलीभाईंना म्हटलं, "जूनपर्यंत मी घरी शिकवते. परीक्षा पास झाली की मावशीकडे पाठवा."

वलीभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पास झाली तं जाईल, बाई. नाई झाली तं शिलाई हायच. मंग मले पुन्यांदा नका म्हणू."

"म्हणणार नाही," मी म्हटलं. तेव्हा मला कसलीच शंका नव्हती.

रोज सकाळी आठला तुबा यायची. तिकडे वलीभाईंचं यंत्र घुमू लागायचं आणि इकडे आमच्या ओसरीवर आमचा परवचा. मी जुन्या पद्धतीची. नुसते साधे पाढे नाही, अपूर्णांकांचेही, पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, सगळं तोंडपाठ. माझ्या वडिलांनी धामणगावला मला तसंच शिकवलं होतं. त्यांचा नियम एकच, साखळी मध्येच तुटली की पहिल्यापासून. शाळेच्या साठ मुलींच्या वर्गात मला हे कधी जमलं नव्हतं. एकट्या तुबाबरोबर जमलं. तीन महिन्यांत ती अडीचकी अशी म्हणायची की आमचे बापूसाहेब, म्हणजे माझे यजमान, वर्तमानपत्र खाली ठेवायचे.

त्यांचे कोर्टातले जुने मित्र चहाला आले की मी तिला हाक मारायची. "तुबा, नऊ अडीच?"

"साडेबावीस."

"सात सव्वा?"

"पावणेनऊ, बाई."

लोक वाहवा करायचे. पाहुणे गेल्यावर बापूसाहेब म्हणाले, "सिंधू, ती मुलगी आहे. रेडिओ नव्हे."

मी हसण्यावारी नेलं.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला साधा भागाकार घातला. छप्पन्न भागिले सात. ती वहीकडे पाहत बसली. मग सहा लिहिलं, खोडलं, नऊ लिहिलं.

"तुबा, सात आठे किती?"

तिनं नऊही खोडलं.

"अगं, काल तू पूर्णांक-अपूर्णांकांचे गुणाकार केलेस!"

"केले, बाई. आज येऊन नाई रायले."

"येऊन नाही राहिले म्हणजे काय? ते काय पाहुणे आहेत?"

मला वाटलं, कंटाळली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात अडीचकी गेली, सव्वाकी गेली. हातचा घ्यायचा असतो हेही ती विसरली. साखळी तुटली की मी पहिल्यापासून म्हणायला लावायची. कधीकधी दहा वाजेपर्यंत आम्ही तीन अडीच साडेसातच्या पुढे जात नसू. मग मी चौथीचं पुस्तक काढलं. मग तिसरीचं. तिसरीचं पुस्तक पाहून तिची मान जी खाली गेली, ती नंतर माझ्यासमोर वर आली नाही.

शकीला, तिची आई, एक दिवस पदराखाली दुधाचं भांडं घेऊन आली. "बाई, नजर लागली इले. तुमी लोकायसमोर बोलाले लावत जा ना."

"नजरबिजर काही नसते, शकीला."

"मंग काय हाय? तिकडे नुसती झोपते. उठली की खाते. दोन महिन्यांत दोनदा कुर्त्याची दुमड उसवली मी. आन् आता..." ती बापूसाहेबांकडे बघून थांबली, मग हळू आवाजात म्हणाली, "मागच्या महिन्यात मोठी झाली."

"तेवढ्यानं गणित कुठे जातं?" मी म्हटलं. मला आज नवल वाटतं. साऱ्या गोष्टी ती माझ्यासमोर मांडून गेली आणि मी दुधाचं भांडं रिकामं करून परत दिलं.

वलीभाईंचं मत वेगळं होतं. भिंतीवरून त्यांनी एकदाच विचारलं, "पोरगी फसवून रायली का, बाई?" मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मलाही तसंच वाटतंय." दुसऱ्या दिवशी सात आठे तिनं चौपन्न सांगितलं आणि मी फूटपट्टी उचलून तिच्या बोटांवर मारली. अडतीस वर्षांत मी मुलींना फारसं मारलं नव्हतं. ती रडली नाही. म्हणाली, "बाई, डोक्यात जागा हाय ते दिसते मले. तिथं लिहिलेलं दिसत नाई."

बापूसाहेब आतून सगळं ऐकत होते. जेवताना म्हणाले, "साक्षीदाराला एकच प्रश्न दहादा विचारला, की त्याला स्वतःचं नावही सांगता येत नाही. मी कितीतरी केसेस तशाच जिंकलो आहे."

"मी काय तिची उलटतपासणी घेते?"

"मग काय घेतेस?"

जून उजाडला. परीक्षेला दहा दिवस होते. वलीभाई स्वतः आले, पायरीवर बसले. अंगावर कापसाचे तंतू तसेच.

"बाई, खरं सांगा. बसवू का नको? तुमी म्हणाल तं उद्या अकोल्याले नेतो. मले त्याच्यातलं काई समजत नाई."

तुबा त्यांच्या मागे दारात उभी होती. तिच्याकडे न बघता मी विचार करत होते तो त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. त्या मला ओळखत होत्या. सिंधूबाईंनी घरी शिकवलेली मुलगी भागाकारात नापास झाली, असं त्यांच्या तोंडून साऱ्या अकोल्यात जाईल, हेच माझ्या डोक्यात होतं.

"यंदा नको," मी म्हटलं.

वलीभाईंनी मान डोलावली आणि ते उठले. माझ्या शब्दावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. तुबानं ओसरीवरची आपली वही उचलली, मला सलाम केला आणि ती गेली. आठ दिवसांनी त्यांच्याकडून यंत्राच्या घरघरीखाली शिलाई मशीनचा आवाज येऊ लागला.

जुलैत ताप आला. बापूसाहेब चार दिवसांत उठले, मी तीन आठवडे अंथरुणात होते. कूस बदलायची तरी जीव जायचा. पडल्या पडल्या जुनं आठवत राहायचं. असंच एका दुपारी धामणगावचं घर आठवलं, रेल्वेफाटकाजवळचं, आणि माळ्यावर ठेवलेली माझी पाटी. पाटी माळ्यावर का होती? मग सगळंच आठवलं. १९५४ साल, मी बारा वर्षांची. चैत्रात एकाएकी मला काहीच येईना. भागाकार मांडायचा कसा तेही कळेना. मी रडून गोंधळ घातला. वडिलांनी, ज्यांचा तो साखळीचा नियम, पाटी उचलून माळ्यावर ठेवली आणि म्हणाले, "आंबे उतरेपर्यंत इकडे बघायचं नाही." दोन महिने मी सागरगोटे खेळले, लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या. मग केव्हातरी सगळं आपोआप परत आलं, आणि आलं म्हणून कुणाला सांगावंसंही वाटलं नाही.

मला वडिलांचा नियम आठवत होता, तो त्यांनी माझ्यासाठी मोडल्याचं बावन्न वर्षं आठवलं नव्हतं. साठ मुलींच्या वर्गात एखादी तीन महिने विसरली तर कुणाला कळत नाही. चाचणीत मार्क कमी पडतात, पुढच्या चाचणीत भरून निघतात. घरी एकच मुलगी समोर होती, आणि मी रोज तिचं विसरणंच बघत बसले होते.

अंग जरा हलकं झाल्यावर गादी पिंजायला द्यायची ठरली. माप घ्यायला तुबाच आली. आणखी उंच झालेली. टेप लावला, ओठांत पुटपुटली आणि म्हणाली, "बाई, खोळही विरली. कापड बदला. एक तुकडा अडीच वाराचा धरा, गादीच्या दोन्ही बाजू, आन् उशा, लोड... सगळे मिळून सात तुकडे. सात अडीच साडेसतरा."

मी उठून बसले. "तुबा, सात आठे?"

"छप्पन्न." तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "कवाच आलं वापस. परीक्षा झाली तवाच."

मी तशीच, भिंतीला धरत, वलीभाईंच्या दुकानात गेले. पुढच्या जूनला बसवा म्हटलं, चूक माझी झाली म्हटलं, माझ्या वडिलांची गोष्टही सांगितली. त्यांनी यंत्र बंद केलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, पुन्यांदा म्हणू नका, असं ठरलं होतं ना आपलं?"

मागून शकीला आली. तापानं तिचेही हात सुजले होते. "ती विसरली तं तुमी बोलले, 'नको'. आता तिले आठवलं तं तुमी बोलता, 'हो'. आमी कोनाचं ऐकाव, बाई? तिच्या डोक्यापेक्षा तुमचंच जास्त फिरून रायलं."

तुबा मशीनवर होती. पाय थांबला नव्हता. मी तिच्याकडे बघितलं, की तिनं तरी काही म्हणावं. तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढची खोळ घेतली.

मी त्यानंतर दोन वर्षं दर उन्हाळ्यात विचारलं. मग विचारणं सोडलं.

बापूसाहेब २०११ साली गेले. जूनमधल्या माझ्या त्या नकारावर ते मला कधी काही बोलले नाहीत. वलीभाईंनी यंत्र विकलं, आता फोमच्या गाद्या ठेवतात. त्यांचे गुडघे गेले आहेत. रस्त्यात भेटले की "बाई, तब्येत?" एवढंच विचारतात. पूर्वी भाच्याच्या शाळेपासून रेशनकार्डापर्यंत सगळं विचारायला यायचे. शकीला दर ईदला शीरखुर्मा आणते, पण ओसरी चढत नाही. मी त्यानंतर कुणाला शिकवलं नाही. ती फूटपट्टी बरीच वर्षं घरात होती, घर रंगवताना कुठेतरी गेली.

तुबा एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन अचलपूरला गेली. तिथे तिचं स्वतःचं दुकान आहे, खोळी, पडदे, अभ्रे. हाताखाली चार बाया. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम तिच्याकडे गेले, एसटीनं, हातात काठी घेऊन. गादीची खोळ शिवायची म्हणून. तिनं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि कागद न घेता हिशोब तोंडीच करून कापड पसरलं.

मी म्हटलं, "तुबा, तुला ते साल आठवतं? माझ्याकडे शिकत होतीस तेव्हा, उन्हाळ्यात..."

"कोणतं, बाई?"

"तू सगळं विसरली होतीस. मी तुला मारलं होतं. आणि मग ती परीक्षा."

तिची कात्री चालत होती. "मले तं त्यातलं काईच आठवत नाई," ती म्हणाली. मान वर केली नाही.

खोळ तिनं मापापेक्षा चार बोटं मोठी कापली. मी विचारलं तर म्हणाली, "नवं कापड हाय, बाई. आटते. जागा ठेवा लागते."