मुंग्याबाबाचा स्पर्श

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मासळीच मिळेना, तर बर्फ हवाय कुणाला? यंत्रं गंजून गेली होती. बर्फाच्या लोखंडी साच्यांवर लोक दाटीवाटीने बसले होते आणि जिथे पूर्वी मालक खुर्ची टाकून हमालांवर ओरडायचा, त्या चौथऱ्यावर मुंग्याबाबा विराजमान झाला होता. चोपून तेल लावलेले केस, सुटलेलं पोट, आणि आयुष्यात एकदाही जाळं न ओढलेले मऊ, गुबगुबीत हात.

"समुद्र रुसलाय!" बाबा गरजला. "तुम्ही त्याला ओरबाडलंत, म्हणून त्याने मासे परत नेले. पण मी त्याच्या पाया पडलो. म्हणालो, लेकरं आहेत रे तुझी! तेव्हा कुठे त्याने पाण्यावरचा हा लाल पट्टा किनाऱ्याला पाठवला. तो पट्टा म्हणजे त्याचा हात! हात शिंपल्यांत उतरतो, शिंपल्यांतून रश्शात, रश्शातून तुमच्या ओठांवर. आला का स्पर्श?"

"आला! आला!" सगळा कारखाना ओरडला. काहींची जीभ इतकी जड झाली होती की त्यांचं 'आला' धड कळतही नव्हतं. रस्सा प्यायल्यावर थोड्या वेळाने ओठ बधिर होत, बोटांना मुंग्या येत, अंग तरंगल्यासारखं वाटे. नाव पडायला कितीसा वेळ लागतो? लोक कौतुकानेच त्याला मुंग्याबाबा म्हणत.

बंदरावरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई आईशेजारी बसून हे सगळं पाहत होती आणि तिला शिसारी येत होती. आईने गळ घातली म्हणूनच ती आली होती. आईचे गुडघे कायमचे धरलेले, जिना चढताना डोळ्यांत पाणी यायचं. बाबाचा रस्सा घेतला की ते दुखणं कुठल्या कुठे पळायचं.

"अगं, चिमटा काढला तरी कळत नाही!" आई आनंदाने सांगायची.

बाबाच्या भाच्याने डॉक्टरीणबाईच्याही हातात वाडगा ठेवला. ती प्यायली. खूप वेळ झाला तरी काहीच जाणवेना.

"काय डॉक्टरीणबाई, आल्या का मुंग्या?"

"नाही."

"येतील कशा! डोक्यात पुस्तकं कोंबलीत, श्रद्धेला शिरायला फट कुठाय?"

लोक खदाखदा हसले. आई मान खाली घालून बसली.

पुढच्याच आठवड्यात होड्या बांधणारा सुतार गेला. पाठीच्या दुखण्यासाठी त्याला 'पूर्ण स्पर्श' मिळाला होता, म्हणजे काठोकाठ भरलेला मोठा वाडगा. घरी येऊन तो आडवा झाला, हातपाय हलेनासे झाले, तेव्हा घरच्यांना वाटलं समाधी लागली. डॉक्टरला बोलावलं ते ओठ निळे पडल्यावर. ती त्याच्या तोंडावर रबरी फुगा धरून श्वास भरत राहिली. गाडी येईपर्यंत त्याची नाडी थांबली. आणि दुसऱ्या दिवशी बाबाने जाहीर केलं की समुद्राने सुताराला कुशीत घेतलं. सुतारीण जाऊन त्याच्या पाया पडली! हे कळलं तेव्हा डॉक्टरीणबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने सुताराच्या घरी उरलेले खडकावरचे शिंपले आणि लाल पट्ट्यातलं बाटलीभर पाणी समुद्र-संशोधन केंद्रातल्या मैत्रिणीकडे पाठवलं. मैत्रिणीचा फोन आला तो घाबऱ्याघुबऱ्या आवाजात. "विष आहे यात. नसा बधिर करणारं. खडकावरचा एकही शिंपला कुणाला खाऊ देऊ नकोस!"

डॉक्टर दारोदार फिरली. पण ऐकतंय कोण?

"आमचे आजे-पणजे शिंपले खाऊनच जगले."

"अहो, तुम्ही स्वतः प्यायलात की! तुम्हाला कुठे काय झालं?"

हा दुसरा प्रश्न तिच्या डोक्यात घर करून बसला. विष काही माणसाची श्रद्धा तपासून चढत नाही. मग सगळ्यांना मुंग्या आल्या आणि आपल्याला का नाहीत? एकच कारण असू शकत होतं. आपल्याला दिलेला रस्सा वेगळा होता.

एवढ्यात आईने बाँब टाकला. "उद्या माझा पूर्ण स्पर्श आहे. बाबाने स्वतः दिवस दिलाय."

"आई, सुतार त्यानेच गेला."

"त्याची वेळ भरली होती. माझे गुडघे दुखतात ते तुझ्या गोळ्यांनी थांबले का गं? सांग ना!"

आई हट्टाला पेटली की घरात कुणाचं काही चालत नसे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई मुकाट्याने तिच्याबरोबर गेली आणि या खेपेला बाबाकडे न पाहता भाच्यावर नजर ठेवून बसली. चौथऱ्यासमोर एक मोठं पातेलं होतं. सढळ हाताने दक्षिणा देणाऱ्यांना त्यातून वाडगे भरले जात. जे काही देत नसत किंवा उलट प्रश्न विचारत, त्यांचे वाडगे घेऊन भाचा यंत्रामागे जाई. तिथे दुसरं पातेलं होतं. आईचा मोठा वाडगा समोरून आला, डॉक्टरीणबाईचा लहान वाडगा मागून. बाबा डोळे मिटून समुद्राला हाका मारू लागला.

हाका थांबल्यावर आई वाडगा ओठाला लावणार तोच डॉक्टरीणबाईने दोन्ही वाडगे आपल्या हातात घेतले आणि उभी राहिली.

"बाबा, मला श्रद्धा ठेवायचीय. तुम्ही यातला एक वाडगा प्या, मी तुमची शिष्य होते."

"मला काय गरज? मी तर समुद्राने भरलेलाच आहे."

"प्या ना बाबा!" मागून कुणीतरी ओरडलं. "जिरवा हिची!"

गर्दीला ती कल्पना फारच आवडली. बाबाने दोन्ही वाडग्यांकडे पाहिलं आणि हसून लहान वाडगा उचलला. "या नास्तिक बाईचाच पितो! तिचं पाप मी पोटात घेतो!" घटाघटा पिऊन त्याने रिकामा वाडगा उलटा करून दाखवला. जयजयकार झाला.

तो ओसरल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाली, "बाबा, मघाशी तुम्ही डोळे मिटून समुद्राला हाका मारत होतात, तेव्हा मी दोन्ही वाडग्यांतला रस्सा बदलला. तुम्ही प्यायलात तो आईच्या पूर्ण स्पर्शाचा रस्सा."

बाबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने काखा वर केल्या. दुसऱ्या क्षणी समुद्राने भरलेला तो महापुरुष गुडघ्यांवर बसून घशात बोटं घालत होता. ओकारी त्याच्या रेशमी कफनीवर सांडली, दाढीत अडकली. पुढच्या रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून मागे सरकल्या.

"डॉक्टर, पोट धुवा माझं! मरेन मी! सुताराला हेच दिलं होतं हो!"

लोक हातातले वाडगे खाली ठेवू लागले.

"मी काहीही बदललेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मी डॉक्टर आहे, विष पाजत नाही. तो प्यायला तो यंत्रामागच्या पातेल्यातला, बिनविषारी शिंपल्यांचा साधा रस्सा. पण आईच्या या वाडग्यात काय आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं."

मग तिने सोप्या शब्दांत सांगितलं. कोळसा आणि तेल जाळून आपण हवा तापवली, आणि तिची बरीचशी उष्णता समुद्राने पोटात घेतली. वरचं पाणी गरम आणि हलकं होऊन वरच राहतं, खालच्या थंड पाण्यातलं पोषण वर येत नाही. त्यामुळे प्लवक, म्हणजे समुद्रात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव, उपाशी मरतात. लहान मासळी त्यांच्यावर जगते आणि मोठी मासळी लहानीवर. मासे रुसले नाहीत, जेवण संपलं म्हणून निघून गेले. त्याच गरम, संथ पाण्यात दुसऱ्या जातीचे प्लवक फोफावतात आणि त्यातले काही विषारी असतात. तोच तो लाल पट्टा. आजोबांच्या काळी तो क्वचित यायचा आणि चार दिवसांत जायचा; आता मुक्कामालाच येतो. शिंपला पाणी गाळून खातो, त्याच्यात विष साठतं, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही.

"पण माझ्या गुडघ्यांचं दुखणं थांबायचं गं," आई हळूच म्हणाली.

"गुडघे बरे नव्हते झाले, आई. तुझ्या नसा मुक्या झाल्या होत्या. आणखी थोडं पोटात गेलं असतं तर छातीही मुकी झाली असती."

आईने तिचा दंड घट्ट धरला.

मागच्या रांगेतून सुतारीण उठली. लोकांनी तिला वाट करून दिली. ती बाबाकडे न जाता डॉक्टरसमोर येऊन थांबली.

"ह्यांना शेवटी काही कळत होतं?"

खोटं सांगणं फार सोपं होतं. "हो," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मेंदू शाबूत असतो. सगळं कळत होतं, फक्त श्वास घेता येत नव्हता."

सुतारीण गर्दीकडे वळली.

"तुम्ही सगळे आला होतात माझ्या घरी. भाग्यवान म्हणालात मला. मीही त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. ह्यांच्या पोटात काय गेलं होतं, एवढं एक तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही, मीही नाही. यापुढे कुणाचं माणूस असं पडलं, तर हात जोडण्याआधी तेवढं विचारा."