मेलेल्यांचा खण

"गेली," हे म्हणाले आणि त्यांनी डिस्क कानापासून खाली घेतली.

काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या नकाशावाल्या बाईंनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गेली म्हणजे?"

"आतली चकतीच फिरत नाही, ताई. मोटर बसली. आता मी हात लावला तर आणखी बिघडेल. मोठ्या लॅबकडे पाठवा, तीन आठवड्यांत सांगतील."

"तीन आठवडे? काका, मला पाचच्या आत नकाशे द्यायचेत!"

दीड वाजला होता. बाई चाळिशीच्या असतील. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली इमारतींचे नकाशे काढले, आणि आता पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने एका शाळेचं काम मागायचं होतं. दीड वर्ष खपून केलेले नकाशे त्या तळहाताएवढ्या काळ्या डबीत. सकाळपासून ती कॉम्प्युटरला दिसायलाच तयार नव्हती.

"दुसरी कॉपी?" मी विचारलं.

"लॅपटॉप भरला होता, काकू. गेल्या महिन्यातच सगळं पुसलं. म्हटलं, डिस्कवर आहेच की."

अगं बाई, एवढी शिकलेली तू, आणि सगळी अंडी एकाच टोपलीत? जिभेवर आलेलं मी गिळलं. तिचा चेहरा बोलण्यासारखा राहिला नव्हता.

आमच्या दुकानात डिस्क दिसत नसली की क्रम ठरलेला. आधी केबल बदलायची, मग जागा बदलायची, मग दुसरा कॉम्प्युटर. तरीही नाही दिसली तर हे ती वीज चालू ठेवून कानाला लावतात आणि डोळे मिटतात. आतून बारीक घूं ऐकू आलं तर चकती जिवंत, दोष नुसत्या डबीचा. डबी फोडून डिस्क बाहेर काढायची, थेट जोडायची, काम फत्ते. आवाज नसेल तर हात जोडायचे. बावीस वर्षं हेच. शेजारी छापखाना, त्याच्या मशीनने आमचं टेबल दिवसभर थरथरतं, म्हणून ह्यांचं ठरलेलं वाक्य: "बोट फसतं, कान फसत नाही."

आणि हे "गेली" म्हणाले की लोक मान्य करायचे. कोणी डिस्क घेऊन जायचं, कोणी तिथेच टाकून जायचं. टाकलेल्या आम्ही खालच्या खणात ठेवतो, मालकाच्या नंबराची चिठ्ठी चिकटवून. मीच त्याला मेलेल्यांचा खण म्हणते. एरवी वर्षाला तिथे दोन-तीन जमा व्हायच्या. ह्या सहा महिन्यांत पाच झाल्या होत्या. त्यातली एक बस कंडक्टरची. बायकोचे होते नव्हते तेवढे फोटो त्यात होते. "असू द्या," म्हणाला, "ती गेली, आता हीही गेली." मग पायरीवर पंधरा मिनिटं बसून राहिला. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

आता ही दुसरी पायरीवर बसणार, असं मला वाटलं. केबल काढायला म्हणून मी डिस्कवर वाकले.

आणि ऐकलं. घूं.

बारीक, एकसारखा, स्वच्छ. मी श्वास रोखून पुन्हा ऐकलं. चकती मजेत फिरत होती.

खोटं कशाला बोलू, मला कळायला हवं होतं. सहा महिने आमचा टीव्ही इतका मोठा असतो की वरच्या मजल्यावरच्यांना बातम्या फुकट. दारावरची बेल वाजून वाजून थकते, हे ढिम्म. दुकानातला फोनही मीच घेते. "कान दाखवून या" म्हटलं की उत्तर तयार, "तूच तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस." मी चिडायचे, दोन दिवस बोलायचे नाही, आणि विषय तिथेच राहायचा. कानाचा संबंध त्या खणाशी असेल, हे माझ्या मेलीच्या डोक्यात कधी आलंच नाही.

बाई पर्स उचलत होत्या. मोठ्याने सांगितलं असतं तर परक्या माणसासमोर ह्यांची बावीस वर्षं मातीत गेली असती. गप्प बसले असते तर तिचं दीड वर्ष.

"अहो," मी त्यांच्या दंडाला हात लावून म्हटलं, "जरा धरा बघू ही. केबल अडकलीय."

त्यांनी एका हातात धरली.

"दोन्ही हातांनी धरा. निसटेल."

केबल कुठली अडकतेय! मी उगाच तिच्याशी झटापट करत राहिले. दुपारच्या सुट्टीमुळे छापखाना बंद होता. टेबल गप्प होतं, आणि डिस्क तर टेबलावर नव्हतीच, ह्यांच्या तळव्यांत होती. लागेल ती थरथर तिचीच.

त्यांचा अंगठा हलायचा थांबला. त्यांनी छापखान्याच्या भिंतीकडे पाहिलं. मग डिस्क उचलून उजव्या कानाला लावली. मग डाव्या. पुन्हा उजव्या. डोळे ह्या वेळी मिटले नव्हते, माझ्यावर होते. मी नजर काढून घेतली नाही. देवा, तेवढं तरी माझ्याच्याने झालं.

"ताई," ते म्हणाले, "बसा. उघडून बघतो."

"पण तुम्ही तर आत्ता..."

"म्हणालो खरं. बसा."

डबीच्या फटीत त्यांनी प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली. हाडं मोडल्यासारखा कडकड आवाज झाला आणि बाईंनी पर्सचा पट्टा दातांत धरला. डिस्क बाहेर आली, थेट जोडली गेली. स्क्रीन जशीच्या तशी. एक मिनिट गेलं.

"नाही ना दिसत?"

"दम धरा हो जरा!" मी खेकसलेच. त्या बिचारीवर नव्हे, पण ऐकून तिलाच घ्यावं लागलं.

ह्यांनी कॉम्प्युटरवर जोडलेल्या डिस्कची यादी उघडली. बोट ठेवून म्हणाले, "ही बघा. आलीय, पण कॉम्प्युटरने तिला D, E असं ओळखीचं अक्षर दिलेलं नाही, म्हणून दाराबाहेर उभी आहे." एक अक्षर दिलं, दोनदा क्लिक केलं.

फोल्डर उघडले. शाळा, तळमजला. शाळा, जिना. शाळा, पाण्याची टाकी.

बाई रडायला लागल्या आणि रडता रडता हसायला. ह्यांनी काही उघडू दिलं नाही. आधी कॉपी, तीही दोन ठिकाणी. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. अर्ध्यावर येऊन ती अडली, तेव्हा तिघांपैकी कोणीच श्वास घेतला नसेल. मग सरकली. तीनला दहा कमी असताना सगळं पार पडलं.

दारातून पळता पळता बाई वळून ओरडल्या, "काका, मानलं तुमच्या कानाला!"

हे हसले, हात केला. ती दिसेनाशी झाल्यावर मला विचारलं, "काय म्हणाली?"

"थँक्यू म्हणाली."

मी चहा ठेवायला उठले, तर हे म्हणाले, "चहा राहू दे. इकडे ये." आणि स्वतःची खुर्ची मला दिली. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर मी फक्त झाडू फिरवला होता.

खालचा खण त्यांनी स्वतः उघडला. ह्या सहा महिन्यांतल्या पाचही डिस्क ओळीने मांडल्या. पहिली जोडली, माझ्या कानाला लावली आणि म्हणाले, "सांग."

मी मान हलवली. नाही.

दुसरी. नाही. ते हळूच म्हणाले, "ही खरीच गेलीय." जणू दिलासाच मिळाला त्यांना. तिसरीही गेलेली होती.

चौथी कंडक्टरची. मी कान लावला. शेजारी छापखाना सुरू झाला होता, म्हणून दुसऱ्या कानात बोट घातलं.

घूं.

सांगायची गरजच पडली नाही, ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. त्यांनी पाचवीला हात लावला नाही. डिस्कवरची चिठ्ठी सोडवली, फोन उचलून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"तू बोल. म्हणावं, ह्यांची चूक झाली, या. काय बिघडलं विचारलं तर सांग, ह्यांचा कान."

पलीकडे रिंग वाजत होती. ते समोर स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"उचलला का गं?" त्यांनी विचारलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.