पुलाच्या अलीकडे

मारुतीने साबणाचा फेस पुंडलिकच्या गालांना लावला, तशी म्हाताऱ्याने आपसूक हनुवटी वर केली.

"हलू नका, उस्ताद. हात थरथरतोय माझा."

"तुझा कवा थरथरत न्हवता?" पुंडलिक म्हणाला. "बेळगावात रायफल हातात धरलीस तवापासनं बघतोय."

पुंडलिकची सून श्वेता हसली. तिने गरम पाण्याचा तांब्या ओसरीवर मारुतीजवळ ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, तुमची वळख लागली बघा. सकाळी मला इचारत हुते, तू कुणाची गं म्हणून."

"बरंच की. वळख नसल्यावर काम सांगत नसतील."

"कुठलं वो? वळख नसली तरी च्या मागत्यात."

तिनेच मागच्या आठवड्यात फोन केला होता. डॉक्टरांनी सांगितलंय, हे आता वाढतच जाणार, वळख हाय तोवर येऊन जावा. मारुती रामनगरहून दोन गाड्या बदलून कुंभारवाड्याला उतरला, तिथून जंगलातल्या वाटेने चालत या वाडीवर आला. पुंडलिक घरात कुणालाच दाढी करू देत नाही हे कळल्यावर त्यानेच वस्तरा मागून घेतला. पण तो दाढी करायला आला नव्हता. त्याला एक गोष्ट विचारायची होती. पन्नासहून जास्त वर्षं ती त्याच्या ओठांवर येऊन परत गेली होती.

ढाक्याच्या लढाईत पुंडलिक हवालदार होता, त्यांच्या सेक्शनचा म्होरक्या. मारुती सेक्शनमधला सगळ्यांत लहान. नद्या ओलांडत, चिखल तुडवत ते त्या शहराकडे निघाले होते. राजधानी पडली की लढाई संपणार, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या सकाळी ते शहराच्या अलीकडच्या पुलापाशी पोचले. तिथे तागाच्या एका गोदामात धरलेले शत्रूचे शिपाई बसवून ठेवले होते. त्यांच्यावर पहारा ठेवायला प्रत्येक सेक्शनमधून एक माणूस मागे राहायचा होता. पुंडलिकने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "मारुती, तू हितंच ऱ्हा."

बाकीचे पूल ओलांडून गेले. दुपारनंतर पलीकडून लोकांचा गलका ऐकू यायला लागला. मोटारींचे भोंगे वाजले, कुणीतरी ढोल बडवले. मारुतीला नदीच्या काठावरून दिसली ती धुरकट हवेतली पाण्याची एक उंच टाकी. दुसऱ्याच दिवशी कैद्यांना घेऊन त्याची रवानगी मागे झाली. त्याने पाहिलेली राजधानी म्हणजे ती टाकी.

गावात त्याला ढाकेवाला म्हणतात. दर डिसेंबरात शाळेत बोलावतात, पोरं मांडी घालून पुढे बसतात आणि शहर कसं होतं म्हणून विचारतात. सेक्शनमधल्या गोपाळने सांगितलेलं तो पोरांना सांगतो. गोपाळ खानापूरकडचा, त्याला वारूनही आता बरीच वर्षं झाली. सांगून झालं की मारुती चहालाही न थांबता घरी येतो.

का ठेवलं, याचं उत्तर त्याने आपल्यापुरतं कधीच काढलं होतं. रामनगरात सुगीच्या दिवसांत ज्याचा कापणीला उपयोग नाही त्याला खळ्यावर राखणीला बसवायचे. त्याच्या घरी लंगडा चुलता बसायचा, नाहीतर तापातून उठलेलं पोर. बसल्या बसल्या पाखरं हाकायची, एवढंच काम. तसाच आपणही त्या दिवशी बसलो, असं तो धरून चालला होता. तरी पुंडलिकच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

वस्तरा कानाजवळून खाली आला.

"पानी जपून," पुंडलिक एकाएकी म्हणाला. "एकच मग हाय. सगळ्यांनी त्यातच करायची."

मारुतीचा हात थांबला. त्या सकाळीही असंच झालं होतं. एका मगातल्या पाण्यात साऱ्या सेक्शनने दाढी केली होती, मारुतीनेही.

"दाढी कशापायी करायची, उस्ताद? लढाईला तर चाललोय."

"लढाईला न्हाई, शहरात चाललोय. मानसं बघायला येतील, पोरं येतील. जितून आलेला मानूस भुतावानी दिसला तर पोरं भितील न्हवं?"

मारुतीने वस्तरा पाण्यात बुडवला. मग खाली बघतच म्हणाला, "उस्ताद, त्या सकाळचं एक इचारायचं हुतं. त्या गोदामाचं."

"गोदामावर गोपाळला ठिवला."

"गोपाळला?"

"मग? तू तर माझ्यासंगं हुतास की." पुंडलिकचे डोळे उजळले. "पूल वलांडला तवा माझ्या उजव्या अंगाला तूच. एक म्हातारी वाट अडवून हुबी ऱ्हायली, आठवतंय? पदरात चुरमुरे. तू टोपी काढून फुडं धरलीस आनि तिनं भरून दिली. मग सगळी वाट खात चाललास. म्या म्हटलं, मारुत्या, जरा शिपायावानी चाल."

आतून श्वेता दारात आली. हे ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती आणि त्यात मागे राहिलेला कोण होता, ते तिला नीट माहीत होतं.

"मामा, गोपाळ न्हवं, ते तर..."

मारुतीने वस्तऱ्याचा हात जरासा वर केला. ती थांबली, उगाच उंबऱ्यावरचं काहीतरी उचलल्यासारखं करून आत गेली.

"चुरमुरे कसे हुते?" मारुतीने विचारलं.

"मऊ पडलेले. पन तू खाल्लास."

मारुतीने दुसऱ्या गालाला फेस लावला. बराच वेळ लावत राहिला. मग विचारलं, "गोपाळलाच का ठिवलं, उस्ताद?"

"आता हे काय इचारनं झालं? आमच्या वाडीत खळ्यावर राखनीला कोन बसतंय?"

"कोन?"

"घरातला सगळ्यात भरवशाचा मानूस. हितं पाखरं येत न्हाईत, बाबा, गव्यांचा कळप उतरतोय. राखनीवाला भिऊन धोंडा मारंल तर कळप अंगावर येतोय. झोपंल तर वरसाचं भात गेलं. गप बसून जागा ऱ्हानारा लागतो तिथं." पुंडलिकला दम लागला. "आदल्या दिशीच आपली मानसं गेलेली. सगळ्यांची डोस्की फिरलेली. गोदामात ती मानसं बिनहत्यारी बसलेली. एखादा नुसता हुबा ऱ्हायला असता, तरी दुसऱ्या कुनी गोळी घातली असती. त्यो घालनार न्हवता. मला ठावं हुतं. पाठ फिरवून निर्धास्त जायाला तसला मानूस मागं लागतोय, मारुत्या."

मारुतीला आठवलं. एक जण उभा राहिला होता खरा. अगदी पोरसवदा, ओठ फुटलेले. मारुतीने बोट चापावर ठेवलं होतं, मग काढलं होतं आणि आपली पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली होती. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेतल्या पोरांनाही नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

त्याने राहिलेली दाढी पुरी केली. ओल्या फडक्याने म्हाताऱ्याचा चेहरा पुसला, कानामागचा फेस काढला. पुंडलिकने त्याचं मनगट धरलं.

"राग आला हुता त्याला. तोंडावरच दिसत हुता. म्या म्हटलं, सांजच्याला सांगू. सांजच्याला कुठलं? शहरात नुसता गोंधळ. मग कैद्यांना घिऊन त्याची गाडी गेली. मग ज्यानं त्यानं आपापलं घर धरलं. ऱ्हाऊनच गेलं बघ." त्याची बोटं घट्ट झाली. "कुठं असतो रं त्यो आता?"

मारुतीने फडकं दुमडलं. पुन्हा उलगडलं.

"रामनगरला असतो."

"भेटतो तुला?"

"रोज."

"मग एवढं सांगशील त्याला?"

"सांगतो की."

"आजच सांग. माझ्या काय ध्येनात ऱ्हात न्हाई."

"आजच सांगतो, उस्ताद."

पुंडलिकने मनगट सोडलं. थोड्या वेळाने म्हणाला, "काय म्हनंल त्यो?"

"काय म्हननार?" मारुती म्हणाला. "गप बसंल जरा वेळ."

श्वेता चहा घेऊन आली. एक कप तिने सासऱ्याच्या हातात नीट बसवला, दुसरा मारुतीसमोर ठेवला. "काका, शेवटची गाडी गाठायची तर आता निघाया पायजे तुमी," ती म्हणाली.

"जाऊ दे गं गाडी. सकाळच्या गाडीनं जातो."

मारुती उठला आणि पुंडलिकच्या उजव्या अंगाला, भिंतीला टेकून बसला. समोर अंगण होतं, अंगणापलीकडे खळं आणि त्यामागे नुसतं रान.

"व्हय, उस्ताद," तो म्हणाला. "पूल वलांडला. म्हातारी झाली, चुरमुरे झाले. मग फुडं रस्ता कुठं वळला?"

पुंडलिकने कप खाली ठेवला. हात उचलून रानाकडे धरला, सावकाश डावीकडे नेला आणि मारुती तिकडे बघू लागला.